पुराची वही

घरात गुडघाभर चिखलाचा राडा होता आणि आबा आम्हाला उंबरा ओलांडू देत नव्हते.

२०१९ चा ऑगस्ट, स्वातंत्र्यदिनानंतरचा रविवार, शिरोळ तालुक्यातलं एक गाव. मिरजेहून आम्ही नऊ जण टेम्पोतून गेलो होतो. सोबत खोरी, घमेली, खराटे, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरची दोन पोती आणि भरपूर उत्साह. आबा दारात बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते. “भाऊसाहेब आल्याबिगार कशालाबी हात लावायचा न्हाई,” एवढं एकच पालुपद. भाऊसाहेब म्हणजे तलाठी. पंचनाम्याआधी घर धुऊन काढलं तर नुकसान दाखवायचं कशात, हा त्यांचा प्रश्न. आम्हाला तो म्हातारपणाचा हट्ट वाटला. आमच्यातला एक जण वैतागून म्हणालासुद्धा, “लोकांना मदत नकोच असते.” आबांनी २००५ चा पूर सोसला होता आणि आम्ही पहिल्यांदाच खोरं हातात धरलं होतं. त्या उंबऱ्यावर पुरातलं जास्त कुणाला कळत होतं, हे समजायला मला बरेच महिने लागले.

त्यांना तिथंच सोडून आम्ही डांबरी रस्त्यालगतच्या आळीत गेलो. तिथल्या एका घरात सकाळपासून तीन गट येऊन गेले होते. फरशी दोनदा धुतलेली. कट्ट्यावर बिस्किटांचे पुडे, अकरा ब्लँकेटं, आणि चादर-टॉवेल-मेणबत्त्यांची तीच ती पिशवी तीन वेगवेगळ्या गावांहून आलेली. घरातली बाई संकोचून म्हणाली, “खाली नदीकडं जावा की, तिकडं कोण गेलंच न्हाई.” नदीकडची वस्ती म्हणजे चिखलातून अर्धा किलोमीटर. आम्ही निम्म्या वाटेपर्यंत गेलो, पाय रुतायला लागले, उन्हं कलली होती, परत फिरलो. ही कबुली आधीच देऊन ठेवतो. पुढचं सगळं शहाणपण आम्ही त्या दिवशी केलेल्या चुकांतून आलेलं आहे.

महाराष्ट्रात पूर आला की माणसं कमी पडत नाहीत. तालीम मंडळं, गणेश मंडळं, वारकरी, मुस्लिम जमातीची पोरं, गुरुद्वाऱ्याचे लंगरवाले, सेवा दल, संघ, कॉलेजांचे एनएसएसचे गट, मुंबई-पुण्याच्या सोसायट्या, दुबई-अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळं, सगळे धावतात. त्या आठवड्यात कुणी कुणाची जात-पात, पक्ष विचारत नाही, निदान खोरं हातात असेपर्यंत. कमी पडते ती एक वही. कुठल्या आळीत किती घरं, कुणाकडे कोण जाऊन आलं, काय झालं, काय राहिलं, हे ज्यात लिहिलेलं आहे आणि जी गावातल्याच माणसाच्या हातात आहे अशी वही. ती नसेल तर दहा गट मिळून तीन गटांचं काम करतात, आणि रस्त्यापासून सगळ्यात लांब असलेल्या घरी कुणीच पोचत नाही. ती वही पावसाळ्याआधी उघडली पाहिजे आणि दिवाळी उलटेपर्यंत मिटता कामा नये. या लेखात मी मांडतोय ते एवढंच.

त्या वर्षीच्या पुराचा आवाका आठवून पाहा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. नदी ५७ च्या वर गेली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट; पाणी ५५ च्या वर. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेल्यामुळे कित्येक दिवस बंद होता, कोल्हापुरात दूध आणि पेट्रोलसाठी रांगा लागल्या. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. या पहिल्या आठवड्यातल्या बचावावर खूप बोललं गेलंय आणि ते योग्यच आहे. पण मला बोलायचंय ते पाणी उतरल्यावरच्या दिवसांबद्दल. तेव्हा वाहिन्यांच्या गाड्या निघून जातात आणि घराघरांतून तो विशिष्ट वास सुटतो: आंबलेलं धान्य, कुजलेला ऊस, मेलेलं जनावर आणि डिझेल यांचा मिळून एक. ज्यांनी तो घेतलाय त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही.

राडा काढणं हे बिनडोक अंगमेहनतीचं काम आहे, असा बाहेरून येणाऱ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याला क्रम आहे. गाळ ओला असेपर्यंत फळीने ढकलता येतो. दोन दिवस कडक ऊन लागलं की कुदळ घ्यावी लागते. म्हणजे पहिले तीन-चार दिवस सोन्याचे. पण ढकलायचा कुठे? घरातला गाळ गल्लीत येतो. एका आळीत चार उत्साही गट चार घरं लख्ख करतात आणि गल्लीत कमरेएवढा ढीग लागतो. गटार तुंबतं, जेसीबीला आत शिरायला जागा उरत नाही, पाण्याचा टँकर कोपऱ्यावरच थांबतो. घरं स्वच्छ आणि गल्ली बंद, हे दृश्य मी दोन पुरांत मिळून निदान पाच ठिकाणी पाहिलं. आधी गटार मोकळं करायचं, मग चढाकडून उताराकडे घरं घ्यायची आणि ट्रॅक्टर मागे-मागे चालत राहिला पाहिजे, हे गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला कळतं, कारण तो रानात पाणी असंच पाजतो. पण ते सांगायची त्याला सोय नसते. पाहुणे आलेत, कष्ट करायला आलेत, त्यांना कसं म्हणायचं की हे घर आज नको, उद्या घ्या?

आणि मग पंचनामा. आपल्याकडे नुकसान सिद्ध होतं ते तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांच्या कागदावर. २०१९ मध्ये सरकारने तातडीची मदत म्हणून ग्रामीण भागात कुटुंबाला १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपये जाहीर केले. मोफत धान्यासाठी तर क्षेत्र दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असल्याची अट होती, तिच्यावर तेव्हा बरीच टीकाही झाली. शेतातल्या गाळाचंही तसंच. २०२२ च्या मदतीच्या निकषांनुसार साचलेला थर तीन इंचांपेक्षा जास्त असला तरच तो काढण्यासाठी हेक्टरी १८ हजारांची मदत बसते. म्हणजे पाणी किती दिवस होतं, कुठवर होतं, गाळ किती इंच होता, हे प्रश्न पूरग्रस्तासाठी पैशाचे असतात. आपण जाऊन ते मोजमापच धुऊन टाकतो. चिपळूणच्या बाजारपेठेत २०२१ मध्ये दुकानदार भिजलेला माल पुढ्यात घेऊन विम्याच्या सर्व्हेअरची वाट पाहत बसले होते आणि बाहेर स्वच्छतेला आलेली मुलं ताटकळत होती. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. दोघांच्या मधे टेबल टाकून, “पहिल्या लायनीतली आठ दुकानं आज दुपारपर्यंत मोकळी होतील, तोवर तुम्ही वाचनालयाकडे जा,” असं सांगणारं मात्र कुणी नव्हतं.

वाचनालय म्हणजे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. १८६४ सालची संस्था. २००५ च्या पुरात तिची पुस्तकं भिजली होती आणि २०२१ मध्ये पुन्हा. तिथं खोऱ्याचा काही उपयोग नव्हता, पानं अलगद सोडवणाऱ्या बोटांची गरज होती. हेही वहीतच असायला हवं: कुठल्या कामाला कसले हात लागतात. पुराच्या दुसऱ्या आठवड्यात घमेलं उचलणाऱ्यांपेक्षा वायरमन, प्लंबर, मोटर दुरुस्त करणारा, गॅस शेगडीवाला आणि रेशनकार्ड-आधारची कागदपत्रं पुन्हा काढून देणारा एखादा खटपट्या तरुण जास्त मोलाचा असतो. तरी शहरातून येणारी फौज खोरी घेऊनच येते, कारण फोटोत खोरं दिसतं.

फोटोबद्दल अधिक लिहीत नाही. धान्याच्या पाकिटांवर नेत्यांच्या छब्या चिकटवण्याचा प्रकार २०१९ मध्येच झाला आणि त्यावर व्हायची ती छीथू झाली. छोट्या मंडळांचे बॅनरही फार वेगळे नसतात, एवढंच नोंदवतो. जुन्या कपड्यांचं मात्र सांगितलं पाहिजे. एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण आमच्याकडच्या एका शाळेच्या पटांगणावर अक्षरशः साकार झाली होती. ट्रकभर कपडे, त्यात सदरे, लग्नातले सूट, एका पायाचे बूट. रात्री पाऊस आला आणि तो ढीग स्वतःच एक कचरा होऊन बसला. पूरग्रस्त गावाने आपला राडा आवरायचा की आपल्या दातृत्वाचा?

एकत्र काम करायची पद्धत आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. सावड आणि इर्जिक हे दोन शब्द आपल्या शेतीतच आहेत. सावडीत आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. हिशेब तोंडी असला तरी पक्का असतो. इर्जिकीत एकाचं काम अडलं की सगळा गाव बैलं घेऊन त्याच्या रानात उतरतो आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. पुरातली मदत आपण इर्जिकीसारखी समजतो, पण तिच्यातली मुख्य गोष्ट सोडून देतो. इर्जिकीत कुठला तुकडा आधी नांगरायचा हे घरधनी सांगतो. बैलवाले येऊन, “आम्हाला रस्त्याकडचा तुकडा आवडला, तोच नांगरतो,” असं म्हणत नाहीत. आपल्या मदतकार्यात बैलवाल्यांचंच राज्य असतं. घरधन्याने हात जोडून उभं राहायचं. मदत करणाऱ्यांना हे टोचेल, मलाही टोचतं, पण गावाच्या बाजूने पाहिलं तर चित्र असंच आहे.

हे बदलता येतं याचे दाखले आहेत, आणि ते फार लांबचे नाहीत. कच्छमध्ये १९९८ च्या जूनमध्ये कांडल्याला चक्रीवादळ धडकलं. त्यानंतर तिथल्या स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या आणि कच्छ नवनिर्माण अभियान उभं राहिलं. अडीच वर्षांनी, २६ जानेवारी २००१ ला, भूकंप झाला तेव्हा जगभरातून संस्थांचा लोंढा आला. त्या लोंढ्याला गावांशी जोडण्यासाठी अभियानाने गावांच्या समूहांसाठी ‘सेतू’ नावाची केंद्रं उघडली: गावाची माहिती तिथं, सरकारी निर्णयाची प्रत तिथं, बाहेरून आलेल्या संस्थेने आधी तिथं जायचं. मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तारीख. संकट येण्याआधी ही माणसं एकमेकांना ओळखत होती. भूकंपाच्या धुळीत बसून ओळखपाळख करून घ्यायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

आपल्याच लातूर-उस्मानाबादेत ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीचा मोठा सरकारी कार्यक्रम झाला. त्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. सरकारचं म्हणणं गावाला आणि गावाचं म्हणणं सरकारला कळवायचं हे त्यांचं काम. पडद्याआडच्या म्हटल्या जाणाऱ्या बायकांनी इंजिनिअरला भिंत दाखवून प्रश्न विचारले. आणि केरळमध्ये २०१८ च्या पुरात कोळ्यांनी होड्या घालून माणसं वाचवली हे सगळ्यांना माहीत आहे. त्यापुढची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. ऑगस्टच्या अखेरीस कुट्टनाडमध्ये हजारो स्वयंसेवकांची सफाई मोहीम निघाली तेव्हा त्यांना स्थानिक पंचायतींशी जोडलं गेलं, कुडुंबश्री या बचत गटांच्या जाळ्यातल्या बायका सोबत होत्या, आणि पथकांत सुतार, प्लंबर, वायरमन, साप पकडणारेसुद्धा होते. राड्यात उतरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसपासून बचावासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या गेल्या, कारण उंदरांच्या मुतातून पसरणारा तो ताप पुराच्या मागोमाग येतो. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईनेही तो भोगला होता. आमच्या नऊ जणांतल्या एकाने गमबूट न घालता काचेवर पाय दिला. गावच्या आरोग्य केंद्रातली नर्स आधीच तीन दिवस घरी गेली नव्हती; तिने पूरग्रस्तांची रांग थांबवून आमच्या स्वयंसेवकाला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मदतकार्यातलं आमचं निव्वळ योगदान त्या तासापुरतं वजाबाकीत होतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की समन्वय आला की उत्स्फूर्तता मरते. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. आपल्याकडे ‘समन्वय समिती’ या शब्दाने डोळ्यांपुढे काय येतं? मांडव, खुर्च्या, अध्यक्ष, तीन उपाध्यक्ष, निमंत्रित, विशेष निमंत्रित, आणि चहा. राडा वाळत असताना दोन तासांची बैठक. तसलं काही व्हायचं असेल तर नऊ माणसांनी टेम्पो घेऊन अंदाजाने कुठंतरी घुसलेलं बरं. म्हणूनच मी समिती म्हणत नाही, वही म्हणतो. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या ओट्यावर एक टेबल, दोन माणसं, दोनशे पानी वही. गाडी गावात शिरली की आधी तिथं थांबायचं, आपण किती जण, कोणतं काम येतं, किती वेळ आहे हे सांगायचं, आळी आणि घरं घ्यायची, जाताना येऊन काय झालं ते लिहून जायचं. याला तीन मिनिटं लागतात. ज्याची उत्स्फूर्तता तीन मिनिटांत मरते त्याने निघण्याआधी स्वतःची नाडी तपासून घ्यावी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो गावाच्या आतून येतो. वही कुणाच्या हातात? सरपंचाच्या गटाच्या हातात गेली तर विरोधी गटाच्या आळीला खोरं मिळणार नाही. दलित वस्ती, नदीकाठची झोपडी, पालातली कुटुंबं, भाडेकरू, परगावाहून आलेले सालगडी यांची नावंच वहीत चढणार नाहीत. हे काल्पनिक भय नाही. ज्याच्या नावावर घर नाही त्याचं नुकसान सरकारी कागदावर मुळात उमटत नाही, आणि गावाच्या वहीलाही तीच सवय लागू शकते. एका गावात वही होती, व्यवस्थित रकाने पाडलेली, आणि तिच्यात एक आख्खी वस्ती नव्हती, हे मी पाहिलं आहे. म्हणून बाहेरचे गट लागतातच. गावच्या वहीवर आंधळा विश्वास टाका असं मी म्हणत नाहीये. ती उघड्यावर असावी, रोज संध्याकाळी मोठ्याने वाचली जावी, ती सांभाळणाऱ्या दोनपैकी एक माणूस बचत गटातली बाई असावी आणि प्रत्येक वस्तीचं कुणीतरी तिथं उभं असावं. मोठ्याने वाचलेल्या यादीतून नाव गाळणं कठीण असतं. त्या नावाचा माणूस समोरच असतो. एवढं करूनही लबाडी होईल. पण न लिहिलेल्या लबाडीला कुणी पकडू शकत नाही, लिहिलेली निदान दाखवता येते.

आणि तिसरा आक्षेप, जो माझ्या डाव्या मित्रांचा आहे: हे सगळं सरकारचं काम आहे, स्वयंसेवकांनी ते करून सरकारला मोकळं सोडू नये. तत्त्वतः मान्य. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे. ‘आपदा मित्र’ योजनेत देशभरातल्या ३५० जिल्ह्यांतल्या एक लाख स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. त्या प्रशिक्षणाचा भर बचावावर, प्रथमोपचारावर. पाणी उतरल्यावरच्या तीन महिन्यांना तिथं फारशी जागा नाही. सरकारची जबाबदारी सरकारवर टाकायची तर तिचा पुरावा कुणाजवळ तरी हवा ना? पुन्हा वहीच. कुठल्या घरात पाणी किती फूट चढलं, कधी उतरलं, पंचनाम्याला कोण कधी आलं, पैसे कधी जमा झाले. स्वयंसेवक आणि सरकार यांच्यात निवड करायची गरज मला दिसत नाही. सफाई करता करता नोंद ठेवणारा गट पुढे जाब विचारू शकतो. नुसती सफाई करून गेलेला गट दोन वर्षांनी पुन्हा नुसती सफाई करायला येतो.

चिपळूणकरांनी हे करून दाखवलं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर घरं-दुकानं आवरून झाल्यावर लोक गप्प बसले नाहीत. वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा म्हणून चिपळूण बचाव समितीने त्याच वर्षी डिसेंबरात साखळी उपोषण केलं. पुढे शासनाची यंत्रणा आणि नाम फाउंडेशनची यंत्रं नदीत उतरली. तो गाळ काढल्याने पूर किती थांबेल यावर तज्ज्ञांत वाद होऊ शकतो आणि व्हावा. पूररेषेच्या आतल्या बांधकामांचा प्रश्न तर गाळापेक्षा अवघड आहे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्या कागदावर आल्या की सगळ्यात मोठा ओरडा आपण रहिवासीच करतो. कोल्हापुरात, सांगलीत, चिपळुणात, सगळीकडे. गावाच्या वहीत घरागणिक पाण्याची खूण लिहिलेली असेल तर त्या भांडणात निदान हातात काहीतरी धरून भांडता येईल.

इथं एका गोष्टीवर थोडं थांबतो. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ मध्ये महाड-चिपळुणात राज्यातल्या इतर महापालिकांचे सफाई कामगार आले होते. त्यांनी उपसलेल्या राड्याचं वजन सगळ्या स्वयंसेवकांच्या राड्याहून जास्त भरेल असं माझं मत आहे. महावितरणचे बाहेरच्या जिल्ह्यांतले कर्मचारीही तसेच खांबावर चढले. पण कौतुकाच्या भाषणांत ‘तरुणाईचा उत्साह’ असतो, कामगार नसतो. तो पगारी म्हणून. आपण एक दिवस हातात खराटा धरला की गाडगेबाबांची आठवण निघते, आणि जो रोज धरतो त्याच्या हातमोज्यांची चौकशीसुद्धा होत नाही. सांगलीत एका मंगल कार्यालयात आमच्या गटाला जेवायला पंगतीत बसवलं आणि बाहेरगावच्या सफाई कामगारांना पाकिटं बाहेर ट्रकपाशी दिली गेली. कुणी मुद्दाम केलं असं नाही. म्हणूनच ते जास्त वाईट होतं. एकत्र काम म्हणायचं तर टेबलापाशी त्यांचा मुकादमही बसला पाहिजे, कारण गल्लीचा क्रम त्याला सगळ्यांहून चांगला कळतो.

मग वेळेचा प्रश्न. स्वयंसेवकांचा पूर साधारण दहा दिवस टिकतो. २०१९ मध्ये गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. आमच्या भागातल्या बऱ्याच मंडळांनी त्या वर्षी मांडव लहान करून पैसे पूरग्रस्तांकडे वळवले, हे खरं आणि अभिमानाचं. पण तोवर बाहेरचे गट गेलेले होते. गावात उरलं होतं ते खरं कठीण काम: ओल न जाणाऱ्या भिंती, बंद पडलेली पिठाची गिरणी, वाहून गेलेला शिलाई मशीनचा धंदा, शाळेची वह्या-पुस्तकं, दुधाच्या दोन म्हशी गेलेल्या घरातलं मौन. यातल्या बहुतेक गोष्टींना गर्दी लागत नाही. एकाच घराकडे पुन्हा पुन्हा येणारी दोन माणसं लागतात. कुठलाही गट पुढच्या पुरात मला विचारेल की आम्ही काय करावं, तर मी म्हणेन की पहिल्या दिवशी नका येऊ, तिसाव्या दिवशीची तारीख वहीत लिहून घ्या आणि त्या दिवशी या.

पुराची जात बदलली की काम बदलतं, हे २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीने दाखवलं. सोलापूर-धाराशिवकडच्या गावांत घरातला राडा होताच, पण मोठा घाव जमिनीला होता. माती खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. सरकारने अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंत मदत जाहीर केली. माती परत आणायची ती कुठून, ट्रॅक्टर कुणाचा, आधी कुणाच्या रानात, रोजगार हमीच्या मागणीचा अर्ज कोण भरून देणार? इथं तर चादर-टॉवेलच्या पिशवीने काहीच हलत नाही. इथं सावडच लागते, जुन्या अर्थाने, हिशेबासकट. ज्या गटांनी चाऱ्याच्या गाड्या नेल्या त्यांना निदान रान दिसलं होतं. किराणा किट घेऊन गेलेल्यांनी २०१९ चाच पूर डोळ्यांपुढे ठेवला होता.

आपल्याकडे पावसाळ्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते, बोटींची मोजदाद होते, लाइफ जॅकेटं तपासली जातात. त्याच मे महिन्यात नदीकाठच्या प्रत्येक गावाने ही वही उघडावी आणि तालुक्याच्या गटांनी एकदा एकत्र बसून कुणाकडे कोणती गावं ते वाटून घ्यावं, एवढी मागणी मी करतो. त्यासाठी निधी लागत नाही असं म्हणणार नाही. टेबलावर बसणाऱ्या दोघांना त्या महिन्याचा रोज मिळाला पाहिजे, बाईचं शिवण बुडतं आणि पोराची मजुरी. पण रक्कम इतकी किरकोळ आहे की ती नसल्याचं कारण कुणी पुढे करू नये.

आबांच्या गावात वही निघाली ती २०१९ मध्ये पाणी उतरल्यावरच्या दुसऱ्या आठवड्यात, आम्ही गेल्यानंतर. बचत गटाच्या सचिव असलेल्या एका ताईंनी मुलीची गणिताची वही घेतली, पुढची लिहिलेली पानं फाडली आणि नदीकडच्या वस्तीपासून सुरुवात केली. पुढे पूर ओसरला तरी वही राहिली, खताच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर. जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा ५६ फुटांच्या आसपास गेली तेव्हा ती खाली आली. या वेळी भाऊसाहेब पंचनाम्याला आले आणि दोन वर्षांपूर्वी पाणी कुठवर होतं हे बघायला त्यांनीच वही मागितली.

“मग दिली का?” मी विचारलं.

“दिली की,” ताई म्हणाल्या. “पण शेवटच्या पानावर सही घिऊन. तारीख टाकून.”